हवा लागू द्या

घर भाड्यानं देण्याआधी माणसं नोकरी विचारतात, पगार विचारतात, आडून आडून नको तेही विचारतात. आमच्या उलव्याच्या घरमालकांनी मला भलतंच विचारलं.

"कपडे कुठं वाळवनार?"

"बाल्कनीत," मी म्हटलं.

"बाल्कनीला काच लावनार काय?"

"नाही हो. कशाला?"

"मग रावा."

झालं, मुलाखत संपली. बायको बेलापूरला सरकारी कचेरीत आहे, पगार वेळच्या वेळी होतो, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे सर्व्हेयर काका म्हणत. माणूस मूळचा तिथलाच, न्हावा-शेव्याच्या बाजूच्या गावातला. वाडवडिलांची भातशेती होती, मिठागर होतं. ते गेलं, बंदर आलं, आणि काका शिकून बंदरात सर्व्हेयर झाले. जमीन मोजणारे नव्हे. बोटीवरून उतरलेला कंटेनर उघडला आणि आतला माल भिजून नासलेला निघाला, की पाणी शिरलं कुठून आणि दोष कुणाचा हे ठरवणारा माणूस. सगळी हयात त्यांची ओल शोधण्यात गेली. रिटायर झाले, पण शोध काही थांबला नाही. आमच्याकडे चहाला आले की कप धरायच्या आधी उलटा हात भिंतीला लावायचे. मग कपाट उघडायचे. आमचं कपाट, आम्हाला न विचारता! आत डोकं घालून नाकानं जोरात श्वास ओढायचे. पहिल्यांदा माझी बायको किंचाळलीच.

"मॅडम, साड्यांना कोंदट वास येतोय. ऊन दाखवा," एवढं बोलून काका चहाकडे वळले.

बायकोला ते मॅडम म्हणत, मला भाडेकरू. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. रस्त्याच्या पलीकडून, भर भाजीबाजारात हाक मारायचे, "ओ भाडेकरू!" आणि दहा माणसं वळून बघायची. बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी ती लहान पांढरी पुडी असते ना, ती काका कधी फेकायचे नाहीत. त्यांच्या घरी खुर्चीखाली पुडी, टीव्हीमागे पुडी, देव्हाऱ्यात गणपतीच्या पाठीशी पुडी. आमची मुलगी रांगायला लागली तेव्हा मात्र स्वतः येऊन आमच्या घरात त्यांनीच ठेवलेली एकूण एक वेचून घेऊन गेले. "पार्टी तोंडात घालंल," म्हणाले. पार्टी म्हणजे आमची मुलगी. बंदरावर गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात, तेच त्यांनी तिला लावलं. रोज जिन्यातून जाताना दारातून विचारायचे, "काय म्हनते पार्टी?" आणि ती दोन्ही हात आपटून हसायची. तसं ती कुणाकडे बघून हसत नव्हती, माझ्या सासऱ्यांकडे बघून तर भोकाड पसरायची.

आता या पार्टीचं सांगतो, कारण काकांची खरी ओळख मला तिच्यामुळे झाली.

बायकोची बाळंतपणाची रजा संपली. मी ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत होतो तिनं आपलं ऑफिस उचलून गुजरातेत नेलं, आणि मी गेलो नाही. मग आम्ही दोघांनी ठरवलं की तिनं कचेरीत जायचं आणि मुलीला मी बघायचं. यात काय एवढं? पण आमच्या साताऱ्याकडच्या कोरेगावात बातमी पोचली आणि जो तो मला फोन करून हसायला लागला. "काय रे, घरी बसलास म्हणे?" घरी बसलास! सकाळपासून अंगाला चार ठिकाणी नाचणी लागलेली, पाठ मोडून आलेली, आणि म्हणे घरी बसलास. मी रागीट माणूस आहे. पहिले काही फोन मी आपटले, नंतरचे घेतलेच नाहीत.

मला अभिमान होता, अजून आहे. मुलीला अंघोळ मी घालत होतो, झोपवत मी होतो, तिचं कुठलं रडणं भुकेचं आणि कुठलं नुसतं नाटक ते मला बरोबर कळायचं.

आणि नेमकं तेव्हाच तिला दात यायला लागले, पोट बिघडलं, पातळ व्हायला लागलं, आणि डायपरच्या जागेवर लाल झालं. आधी थोडं होतं, मग सगळा भाग टोमॅटोसारखा लालभडक. शी-शू लागली की पोरगी अशी ओरडायची की शेजारी दार उघडून बघायचे. मी दुकानातले ते वासाचे ओले रुमाल घेऊन पुसत होतो, जितकं पुसावं तितकी ती ओरडत होती. डायपर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे "दीर्घकाळ कोरडा" राहील म्हणून तसाच ठेवत होतो. आणि बारशाला आलेला पावडरचा भलामोठा डबा होता, तो अर्ध्यावर आणला होता.

त्यातच माझी आई आली. नात बघायला म्हणून आली, आणि बघितलं ते हे. तिनं कपाळावर हात मारला. "आरं, काय केलंस लेकराचं! सोललंय की रं सगळं!" तिनं लगेच सूत्रं हातात घेतली. खोबरेल चोळलं, त्यावर पावडर थापली, त्यावर लंगोट करकचून बांधला, आणि गादी भिजू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची चड्डी. खिडक्या लावल्या, पंखा बंद, डोक्याला टोपडं, कानात कापूस, ओव्याची धुरी. "लेकराला हवा लागू द्यायची न्हाई," हे तिचं ब्रह्मवाक्य. आम्ही सगळी भावंडं अशीच वाढलो, त्यामुळे मलाही काही बोलता येईना.

लालपण वाढतच गेलं. मग एका सकाळी आईनं चहाचा कप ठेवला आणि सरळ सांगितलं, "तुझ्या बाबांचा म्हाळ हाय. त्याच्या आधी मला गावी पोचायचंय. तवर पोरगी सुधारली तर ठीक, न्हाईतर मी तिला घेऊन जाणार. हे बापाचं काम न्हवं." बायको कचेरीची पर्स भरत राहिली. तिचा चेहरा बघून मला कळलं की तिलाही आतून तसंच वाटायला लागलंय. म्हणजे पितृपक्षापर्यंत माझी मुदत होती. पुढं ती कोरेगावात आणि मी उलव्यात, महिन्यातून एकदा भेट, आणि गावभर "शेवटी आजीनंच सांभाळली!"

त्या दिवशी काका चहाला आले. नेहमीप्रमाणे दारातून "काय म्हनते पार्टी?" विचारलं. पार्टी किंचाळत होती. काका आत आले, उलटा हात भिंतीला लावला, बंद खिडक्यांकडे बघितलं, धुरीनं खोकले, आणि म्हणाले, "उघडा बघू."

"खिडकी?" मी विचारलं.

"खिडकी बी, न पार्टी बी."

आई उठून उभी राहिली. परका पुरुष, नातीचा लंगोट सोडा म्हणतो! मी मधे पडलो, लंगोट सोडला. काकांनी चष्मा वर केला. तेल, पावडर आणि शू यांचा पांढरा लगदा सगळ्या घड्यांत बसला होता. काकांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी बोट बुडवली.

"पावडरीत पानी पडलं की काय होतं, आई?" त्यांनी विचारलं.

आईनं पावडरचा डबा स्वतःजवळ ओढला.

"पिठलं होतं. पिठलं लावलंय तुमी पार्टीला."

"ओ!" आई भडकली. "चार पोरं वाढवलीत मी!"

"वाढवली असनार. मला एक बी नाय. पोरांतलं मला काय कळत नाय," काका शांतपणे म्हणाले. "ओलीतलं कळतं. आयुष्यभर बगितलंय. लोकांना वाटतं बाहेरचा पाऊस माल नासवतो. बाहेरचा नाय नासवत. बंद डब्यात आतल्या आत घाम धरतो ना, तो नासवतो. ही चड्डी म्हंजे सील केलेला कंटेनर हाय. हवा लागू द्या तिला!"

"हवा लागंल तिला!" आई ओरडली.

"लागायलाच पायजे!"

"आवो, हवा लागंल म्हंतेय मी!"

"मी बी तेच म्हनतोय, हवा लागू द्या!"

दोघंही एकच वाक्य बोलत होती आणि एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होती. आईच्या तोंडी हवा लागणं म्हणजे सर्दी, पडसं, छातीत घरघर. काकांच्या तोंडी हवा लागणं म्हणजे सुटका. मला एवढ्या ताणातसुद्धा हसू फुटलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हसू गिळलं.

शेवटी तह मीच केला, आणि या तहाचा मला आजही अभिमान आहे. टोपडं राहील, पायात मोजे राहतील, अंगात झबलं राहील, पंखा अंगावर येणार नाही. पण कमरेखाली काही नाही. खिडकी उघडी, जमिनीवर सतरंजी, त्यावर दुपटं, आणि त्यावर आमची मुलगी पालथी. वरून सातारा, खालून उलवे! काका बघून म्हणाले, "हां. आता वारा खेळतोय." आई तोंड फिरवून बसली, पण हळूच बघत होती. मुलगी दिवसभरात पहिल्यांदा गप्प झाली होती.

त्यानंतर काका रोज तपासणीला यायचे. त्यांची शिस्त म्हणजे बंदरावरची. वासाचे रुमाल घराबाहेर. कोमट पाणी आणि जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा. मी एकदा त्यांच्यासमोर पुसायला गेलो, तर माझं मनगट धरलं. "पुसतोस काय? टीप! कागदावर शाई सांडली तर पुसतोस काय? टिपतोस. पुसलं की पसरतं न सालटं निघतं." तेव्हापासून आमच्या घरात पुसणं हा शब्दच बाद झाला. औषधाच्या दुकानातून जस्ताचं पांढरं मलम आणलं. मी ते क्रीमसारखं चोळायला लागलो, तर पुन्हा आरडाओरडा. "चोळू नको! जाड थर दे. पानी न कातडं यांच्यामधी भिंत पायजे!"

इथं आई भांडणानंतर पहिल्यांदा बोलली. "म्हंजे सारवल्यागत?"

काका वळले. "अगदी! सारवल्यागत."

"मग ते म्या करते. त्याला न्हाई जमायचं," आई म्हणाली, आणि माझ्या हातातून मलम घेतलं. आयुष्यभर शेणानं अंगण सारवलेली बाई ती. असा एकसारखा थर दिला की काका बघतच राहिले. दर वेळी तो सगळा खरवडून काढायचा नाही, वरची घाण तेवढी टिपायची आणि पुन्हा लिंपायचं, हेही तिनंच शोधलं. काकांनी मान डोलावली. काकांची मान डोलणं ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

डायपर फक्त बाहेर जाताना, तोही एक माप मोठा आणि सैल. घरात लंगोट, आणि ओला झाला की लगेच बदल. म्हणजे लंगोटांचा ढीग. पावसाळा सरत आला होता, तरी हवेत दमटपणा होताच. लंगोट मी बाल्कनीच्या बाहेरच्या ग्रिलवर, जिथं ऊन येतं तिथं लावले. दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात.

"साहेब, रोडच्या बाजूनं हे लंगोट वगैरे नको. बिल्डिंगचा लुक जातो."

माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार तेवढ्यात मागून काका आले. सेक्रेटरींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चल, तुझ्या घरी जाऊ." सेक्रेटरींच्या बाल्कनीला काच होती, ऐटबाज, निळसर. काका सरळ त्यांच्या बेडरूममध्ये गेले, कपाट उघडलं, आत डोकं घातलं, आणि सेक्रेटरींचा लग्नातला सूट बाहेर काढला. कॉलरवर पांढरी बुरशी आली होती, कापूस चिकटावा तशी.

"हा बग लुक," काका म्हणाले.

सेक्रेटरींच्या बायकोनं सूट हिसकावून घेतला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की आम्ही तिथून निघालो. लंगोटांचा विषय परत निघाला नाही.

मुलगी सुधारत होती. लालपण गुलाबीवर आलं, झोपेत हसायला लागली. आई काही कबूल करत नव्हती, पण तिनं मुलीसाठी बॅग भरायला काढली होती ती परत वर ठेवली. मी मनात मांडे खायला लागलो. म्हाळ जवळ आला होता, आणि मी जिंकलो होतो.

आणि मग एका सकाळी जांघेच्या घड्यांत पुन्हा लालभडक दिसलं. या वेळी वेगळंच. कडेला बारीक बारीक लाल ठिपके, मूळ डागापासून सुटे. मी वाट बघत बसलो काका यायची. ते आले, टॉर्च लावून बघितलं, बराच वेळ. मग टॉर्च बंद केली.

"डॉक्टरकडे ने."

"अहो, मलम आहे ना. अजून जाड थर देऊ."

"हे माझ्या हद्दीत नाय. घडीत घुसलंय, न ठिपके पसरतायत. हे नुसत्या ओलीचं नाय."

मी तडकलोच. आई आत देवापुढे होती, म्हणून आवाज दाबून बोललो, पण बोललो. "डॉक्टरकडे नेलं की आई म्हणणार, बघ, जमलं नाही. परवा निघायचंय तिला. घेऊन जाईल पोरीला. तुम्हाला काय होतंय सांगायला, तुमचं काय जातंय?"

एरवी ओरडणाऱ्या काकांचा आवाज या वेळी चढला नाही. "सर्व्हेयरला दोनच कामं आली पायजेत, भाडेकरू. काय झालंय ते सांगायचं. आनि कळत नसंल तर कळत नाय म्हनून सांगायचं. दुसरं ज्याला जमत नाय, त्याचा पयला शब्द बी कोन धरत नाय. चल, चपला घाल."

गेलो आम्ही. आईही पदर खोचून बरोबर आली, तिला कोण थांबवणार! पुढच्या सेक्टरमधल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "बुरशी झालीय. पोट बिघडल्यावर होते कधी कधी. हे वेगळं मलम देते, हे पातळ लावा. वेळेवर आणलंत ते चांगलं केलंत. ताप आला, फोड आले, पू दिसला तर मात्र एक दिवसही थांबू नका." मग विचारलं, "घरी काय काय करता?"

मी पढवलेल्या पोपटासारखं सगळं सांगितलं. कोमट पाणी, टिपणं, हवा, सैल लंगोट, पावडर बंद. आधी नवं मलम, मग वरून जस्ताचं चालेल का, तेही विचारलं. त्या मान हलवत ऐकत होत्या.

"हेच चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "कोण करतं हे सगळं? आजी?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे. "म्या फकस्त लिंपते," ती म्हणाली. "बाकी समदं ह्योच करतो."

काका बाहेर बाकावर बसले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते दवाखान्याच्या भिंतीला उलटा हात लावून बघत होते. मी काय झालं ते सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

नव्या मलमानं ठिपके ओसरायला लागले. आईची निघायची सकाळ उजाडली तेव्हा कातडी पूर्ण बरी झाली नव्हती, हे मी खोटं कशाला सांगू. पण लाली मागे हटली होती, आणि मुलगी सतरंजीवर टोपडं घालून, बाकी मोकळी, आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. आईची बॅग दाराशी होती. शेजारी दुसरी लहान पिशवी होती. आईनं पहाटेच भरली असावी. तीत मुलीची झबली दिसत होती. मी ती बघितली. बायकोनंही बघितली. तिनं कचेरीला उशीर होईल म्हणून कळवलं आणि मुलीजवळ जाऊन बसली.

काका आईला निरोप द्यायला आले. टोपी घालून, इस्त्रीचा शर्ट. दारात उभे राहिले आणि त्यांनीही ती पिशवी बघितली.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. गावाहून थोरली वहिनी. आई फोनवर नेहमी असं बोलते की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच नसावी, त्यामुळे सगळ्या घरानं ऐकलं.

"हां, निघतोय... पाळणा? कशाला बांधलास पाळणा? सोडून ठेव... न्हाई, न्हाई आणत तिला... बरी हाय की. बघतंय कोण म्हंजे? तिचा बाप हाय की हितं."

पलीकडून वहिनी काहीतरी म्हणाली असावी. आईचा आवाज चढला.

"हसतीस काय? माझ्या चार पोरांत असं कुणाला जमलंय? तुझ्या नवऱ्याला जमंल का, विचार त्याला!"

मी बाथरूममध्ये गेलो. नळ सोडला, आणि ग्रिलवरून काढून आणलेले, वाळलेले, घड्या घातलेले लंगोट बादलीत टाकून परत धुवायला लागलो. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं. एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, आणि नंतरही नाही.

दारात काका आले. त्यांनी बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भाडेकरू, ते धुतलेले हायत."

"माहितीये," मी म्हटलं.

त्यांनी हळूच दार ओढून घेतलं. बाहेर आईनं विचारलं, "कुठं गेला ह्यो? गाडीची वेळ झाली की."

"थांबा जरा, आई," काका म्हणाले. "तुमचा पोरगा कामात हाय."